परदेशी बँका उदयोन्मुख देशांत कशा रुजतात आणि कशामुळे उखडल्या जातात?

जमाखर्च (धागाकर्ता)

परदेशी बँकांचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन अडकते. नफा घेऊन जाणाऱ्या आणि संकट आले की सर्वांत आधी पळणाऱ्या बँका हे एक टोक, तर शिस्त, तंत्रज्ञान आणि भांडवल घेऊन येणाऱ्या बँका हे दुसरे. दोन्ही बाजूंना दाखले भरपूर मिळतात, म्हणून वाद संपत नाही. निरनिराळ्या उदयोन्मुख देशांतील बँकांचे अनुभव वाचताना माझे मत असे होत गेले आहे की, बँकेचा मालक कोणत्या देशाचा आहे यापेक्षा ती कर्जासाठी लागणारा पैसा कोठून आणि कोणत्या चलनात उभा करते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जी बँक स्थानिक ठेवीदारांकडून स्थानिक चलनात ठेवी गोळा करते आणि त्याच चलनात कर्ज देते, ती तेथे रुजते. जी मुख्यालयाकडून डॉलर, युरो किंवा फ्रँक आणून कर्जाऊ देते, तिचे त्या देशाशी असलेले नाते विनिमय दर स्थिर असेपर्यंतच टिकते.

मेक्सिकोचे उदाहरण घेऊ. १९८२ मध्ये तेथे बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९१-९२ मध्ये त्या पुन्हा खासगी हातांत गेल्या आणि डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळल्यावर त्यांतील बहुतेकांचे भांडवल धुऊन निघाले. नव्या भांडवलाशिवाय गत्यंतर नव्हते, म्हणून सरकारने परदेशी मालकीवरच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवल्या. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत स्पेनच्या बीबीव्हीएने बँकोमेर, स्पेनच्याच सांतांदेरने सर्फिन, सिटीने २००१ मध्ये साडेबारा अब्ज डॉलर मोजून बानामेक्स आणि एचएसबीसीने २००२ मध्ये बिताल ताब्यात घेतली. देशातील बँकिंग मालमत्तेचा चार-पंचमांशाहून मोठा हिस्सा परदेशी मालकीखाली गेला. एवढे मोठे स्थित्यंतर एखाद्या मोठ्या देशात इतक्या थोड्या काळात क्वचितच घडले असेल.

या बँकांनी मेक्सिकोत नव्याने शाखा उघडण्याऐवजी जुन्या, लोकांच्या ओळखीच्या बँका विकत घेतल्या, आणि त्यांच्याबरोबर पगाराची खाती, पेसोतील ठेवी, शाखांचे जाळे व कर्मचारीही त्यांच्याकडे आले. म्हणून २००८-०९ मध्ये अमेरिका आणि युरोपमधील बँका संकटात सापडल्या तेव्हा मेक्सिकोतील या उपकंपन्यांना मातृबँकेच्या निधीवाचून अडले नाही. क्रेडिट कार्डांची थकबाकी वाढली, कर्जवाटप मंदावले, अर्थव्यवस्थेलाही जबर फटका बसला, पण बँका उभ्या राहिल्या. पुढे तर उलटा प्रवाह दिसला. स्पेनमधील बँकिंग संकट ऐन भरात असताना, सप्टेंबर २०१२ मध्ये, सांतांदेरने आपल्या मेक्सिकन उपकंपनीचे जवळपास एक चतुर्थांश समभाग बाजारात विकून सुमारे ४ अब्ज डॉलर उभे केले. कन्येने मातेला हात द्यावा असाच तो प्रकार होता.

आता हंगेरी पाहा. तेथेही बँकिंगवर परदेशी बँकांचे वर्चस्व होते, त्यांनीही जुन्या बँका विकत घेतल्या होत्या आणि त्यांच्याही उपकंपन्याच होत्या. पण फोरिंट या तेथील चलनाचे व्याजदर चढे असल्यामुळे घरासाठी कर्ज घेणाऱ्याला स्विस फ्रँकमधील कर्ज स्वस्त वाटे, आणि बँकेला ते मातृबँकेकडून सहज आणता येई. संकटापूर्वी घरगुती कर्जांपैकी निम्म्याहून अधिक कर्जे परकीय चलनांत होती. यात माणसावर काय गुदरते ते एका साध्या हिशेबावरून कळते. २००८ च्या उन्हाळ्यात एका फ्रँकला दीडशे फोरिंटच्या आसपास पडत. समजा एखाद्या कुटुंबाने ५० हजार फ्रँकचे कर्ज घेतले, तर त्यांच्या लेखी ते ७५ लाख फोरिंटचे कर्ज. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकार, मध्यवर्ती बँक आणि व्यापारी बँका यांनी फ्रँकमधील घरकर्जे फोरिंटमध्ये बदलण्याचा निर्णय केला, तो दर होता २५६.५ फोरिंट. मधल्या काळात मुद्दलातला एक पैसाही फेडला नाही असे धरले, तर तेच कर्ज १ कोटी २८ लाख फोरिंटच्या घरात गेलेले असते. उत्पन्न फोरिंटमध्येच, घराची किंमत मात्र खाली आलेली.

जवळच्याच चेक प्रजासत्ताकात बँका तितक्याच परदेशी होत्या. एर्स्टेने चेस्का स्पोर्जितेल्ना, केबीसीने चेकोस्लोव्हेन्स्का ओब्खोद्नी बँक आणि सोसिएते जेनेरालने कोमेर्च्नी बँक घेतलेली होती. तरीही तेथे घरगुती कर्जदाराला परकीय चलनातले कर्ज जवळपास मिळतच नव्हते, कारण कोरुना या तेथील चलनाचे व्याजदर मुळातच कमी होते आणि बँकांकडे स्थानिक ठेवी गरजेपेक्षा जास्त होत्या. त्यामुळे हंगेरीला ज्या वादळातून जावे लागले ते चेक कर्जदारांच्या वाट्याला आले नाही. मालकी सारखी असूनही परिणाम इतके वेगळे झाले, त्याचे कारण माझ्या मते बँकांना पैसा कोठून मिळत होता, यातच आहे.

यावर आपली मते वाचायला आवडतील. विशेषतः बँकेत कर्जविभागात काम केलेल्यांनी लिहावे, अशी विनंती.

खतावणी

मांडणी आवडली, परंतु स्थानिक ठेवी असल्या म्हणजे बँक सुरक्षित असे म्हणता येणार नाही. त्यासाठी अर्जेंटिनाकडे पाहावे लागेल.

१९९१ मध्ये अर्जेंटिनाने एक पेसो बरोबर एक डॉलर असा दर कायद्याने बांधून दिला. परदेशी बँकांनी तेथे स्थानिक लोकांकडूनच ठेवी घेतल्या आणि स्थानिक लोकांनाच कर्जे दिली. फक्त त्या ठेवी आणि कर्जे मोठ्या प्रमाणावर डॉलरमध्ये नोंदलेली होती. कागदोपत्री हिशेब चोख जुळत होता. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने खात्यांतून रोख काढण्यावर निर्बंध घातले आणि जानेवारी २००२ मध्ये पेसोचे अवमूल्यन केले. त्याबरोबर डॉलरमधील कर्जे एका डॉलरला एक पेसो या दराने आणि डॉलरमधील ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने बदलण्याचा हुकूम निघाला. म्हणजे बँकेला मिळायची रक्कम एका दराने आणि द्यायची दुसऱ्या, चढ्या दराने. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू कितीही काळजीपूर्वक जुळवल्या असत्या, तरी या फटक्यातून सुटका नव्हती.

येथे परदेशी बँकांची खरी परीक्षा झाली. आपल्या उपकंपनीच्या देण्यांना मातृबँक बांधील आहे की नाही, हा प्रश्न ठेवीदार बँकेच्या दाराशी उभे राहून विचारत होते. कायद्याने उपकंपनी ही स्वतंत्र कंपनी, म्हणून तिची देणी तिच्या भांडवलापुरतीच. पण ठेवीदाराने पैसे ठेवले ते दारावरची मोठी जागतिक पाटी पाहून. स्कोशिया बँक आणि क्रेदी अग्रिकोल या दोघींनी २००२ मध्ये अर्जेंटिनातून काढता पाय घेतला. सिटी, एचएसबीसी, सांतांदेर आणि बीबीव्हीए मात्र राहिल्या. त्यांतील एचएसबीसीने २०२४ मध्ये आपला तेथील व्यवसाय गॅलिसिया समूहाला विकला, तेव्हा मूळ संकटाला दोन दशके उलटून गेली होती.

माझ्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अशी की चलन, ठेवी, भांडवल हे सगळे जुळवून घेतल्यावरही करारांची किंमत ठरवणारा शेवटचा अधिकार यजमान देशाच्या सरकारकडे असतो. परदेशी बँकेने या देशात किती भांडवल गुंतवायचे हे ठरवताना, ते सगळे बुडाले तरी आपण उभे राहू का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

पैलतीर

मी एका परदेशी बँकेत लघु आणि मध्यम उद्योगांच्या कर्जविभागात काम केले आहे. देशाचे आणि बँकेचे नाव लिहीत नाही, कारण अशाच गोष्टी मी अनेक ठिकाणच्या सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. निधीचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण गोळा झालेल्या ठेवी कोणाला कर्जाऊ द्यायच्या हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, याने बँकेचे त्या देशातले आयुष्य ठरते असे मला वाटते.

एका छोट्या कारखान्याच्या खेळत्या भांडवलाच्या प्रस्तावाचे उदाहरण देतो. मालक आणि त्याचा भाऊ, दोघांचीच कंपनी. लेखापरीक्षित ताळेबंदात नफा जेमतेम दिसत होता, कारण उलाढालीचा काही भाग रोखीत होता आणि तो हिशेबात पूर्ण येत नव्हता. कागद पाहून कर्ज नाकारणे सोपे होते. आमच्या स्थानिक अधिकाऱ्याने कारखान्यात जाऊन तीन गोष्टी तपासल्या. पहिली, मागील काही महिन्यांची वीजबिले, कारण यंत्रे बंद असतील तर बिल खोटे बोलत नाही. दुसरी, कामगारांचे हजेरीपुस्तक. तिसरी, ज्या दोन मोठ्या ग्राहकांना माल जात होता त्यांच्याकडून बँकेत आलेल्या रकमा आणि त्या किती दिवसांनी आल्या याचा तपशील. या तिन्हींचा मेळ बसत होता आणि प्रत्यक्ष उलाढाल कागदावरच्या उलाढालीपेक्षा बरीच जास्त असल्याचे दिसत होते. त्याने शिफारस लिहिली.

फाइल दुसऱ्या देशातील विभागीय कार्यालयात गेली. तिथल्या ठरलेल्या तक्त्यात वीजबिलांसाठी रकानाच नव्हता. परत आलेल्या शेऱ्यांत संचालक मंडळातील स्वतंत्र संचालकांची नावे विचारलेली होती, पुढील पाच वर्षांचे अंदाजपत्रक मागितलेले होते आणि लेखापरीक्षक नामांकित संस्थेचा का नाही, असा प्रश्न होता. ही माहिती गोळा होईपर्यंत त्या कारखान्याला एका स्थानिक बँकेने कर्ज दिले. काही काळाने तोच ग्राहक आमच्याकडे परत आला, पण तोवर त्याची मुख्य खाती दुसरीकडे स्थिरावली होती.

या अनुभवावरून नंतर बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंतची कर्जे मंजूर करण्याचा अधिकार स्थानिक कर्ज समितीला दिला आणि प्रत्यक्ष भेटीचा अहवाल हा प्रस्तावाचा औपचारिक भाग केला. थकीत कर्जे त्यामुळे वाढली नाहीत. ज्या अर्थव्यवस्थेत पतमाहिती संस्था नव्या असतात, जमिनीच्या नोंदी अपुऱ्या असतात आणि न्यायालयातून तारणाचा ताबा मिळायला वर्षे लागतात, तेथे कर्जदाराची माहिती माणसांकडेच असते. परदेशी बँका बड्या कंपन्या, निर्यातदार आणि श्रीमंत ग्राहक यांच्यापुरत्या मर्यादित राहतात, त्याचे मुख्य कारण मला यातच दिसते. हेतूचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्यालयाला दुरून समजेल अशी माहिती फक्त याच गटाकडे असते.

शिलकी

पैलतीर, प्रतिसाद फार उपयुक्त आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. संपूर्ण बँक विकत घेणे किंवा स्वतःची उपकंपनी उभारणे यांऐवजी स्थानिक बँकेत अल्प हिस्सा घेऊन आत शिरणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा नाही का? चीनमध्ये अनेकांनी तेच केले होते.

जमाखर्च

शिलकी, चीनचा दाखला अल्प हिस्सेदारीच्या मर्यादाच अधिक स्पष्ट करतो, असे मला वाटते.

चीनने डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केला आणि पाच वर्षांत बँकिंग खुले करण्याचे मान्य केले. त्या काळात तेथील सरकारी बँकांना भागीदार हवे होते. बँक ऑफ अमेरिकाने २००५ मध्ये चायना कन्स्ट्रक्शन बँकेत सुमारे ३ अब्ज डॉलर गुंतवले, तर एचएसबीसीने २००४ मध्ये बँक ऑफ कम्युनिकेशन्सचा १९.९ टक्के हिस्सा घेतला. एका परदेशी गुंतवणूकदाराला २० टक्क्यांहून अधिक आणि सर्वांना मिळून २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेण्याची मुभा नव्हती. ही मर्यादा २०१८ मध्ये उठली. अपेक्षा अशी होती की हिस्सा घेतल्यावर ज्ञानाची देवाणघेवाण होईल, संयुक्त व्यवसाय होईल आणि काळाबरोबर अधिकारही वाढेल. प्रत्यक्षात कर्ज कोणाला द्यायचे यावर त्यांचा काहीच ताबा नव्हता. समभागांची किंमत वाढल्याने काहींना उत्तम नफा झाला, पण तो गुंतवणूकदाराचा नफा होता, बँकरचा नव्हे. बँक ऑफ अमेरिका २०१३ पर्यंत पूर्ण बाहेर पडली. एचएसबीसी राहिली आणि २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत तिला त्या हिस्स्याच्या मूल्यात ३ अब्ज डॉलरची घट नोंदवावी लागली.

दुसरा मार्गही तेथे खडतर होता. चिनी नागरिकांशी त्यांच्या चलनात पूर्ण व्यवहार करायचे, तर स्थानिक कंपनी म्हणून नोंदणी आवश्यक होती. एचएसबीसी, सिटी, स्टँडर्ड चार्टर्ड आणि बँक ऑफ ईस्ट एशिया यांनी ती २००७ मध्ये केली. त्यांना ठेवींच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याचा नियम पाळण्यासाठी काही वर्षांची सवलत मिळाली, म्हणजे तेवढ्या अवधीत त्यांना शून्यापासून ठेवी उभ्या करायच्या होत्या. हजारो शाखा असलेल्या सरकारी बँकांसमोर ते जमणे कठीणच होते. चीनमधील एकूण बँकिंग मालमत्तेत परदेशी बँकांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळला आणि पुढे त्याहूनही खाली आला. म्हणजे मेक्सिकोत जे विकत घेता आले, ते चीनमध्ये विकायलाच काढलेले नव्हते. यजमान देश किती अडचणीत आहे त्यावर परदेशी बँकेला किती दार उघडले जाते हे ठरते, आणि हे कटू असले तरी खरे आहे.

मुद्देसूद

या चर्चेत एक गोष्ट स्पष्टपणे आली पाहिजे. स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेण्याला मर्यादा असायला हवी, आणि ती मर्यादा ओलांडल्यास काय होते याचे उदाहरण वर उल्लेख झालेल्या बितालच्या खरेदीतच आहे.

एचएसबीसीने बिताल घेतली तेव्हा त्या बँकेची ग्राहक-तपासणीची व्यवस्था अगदी दुबळी होती. शाखांचे जाळे आणि ठेवी मिळाल्या, पण त्यांच्याबरोबर जुन्या सवयीही आल्या. अमेरिकी सिनेटच्या समितीने जुलै २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००७ आणि २००८ या दोन वर्षांत एचएसबीसीच्या मेक्सिकन उपकंपनीने सुमारे ७ अब्ज रोख डॉलर अमेरिकेतील एचएसबीसीकडे पाठवले. एवढी रोकड अमली पदार्थांच्या व्यापाराशिवाय जमणे कठीण आहे, असा इशारा अधिकाऱ्यांनी दिलेला होता. त्याच काळात अमेरिकेतील एचएसबीसीने मेक्सिकोला कमी जोखमीच्या देशांत धरले होते. डिसेंबर २०१२ मध्ये बँकेने १.९ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य करून खटला टाळला.

म्हणून पैलतीर यांच्या मुद्द्याला मी एक जोड देईन. कर्ज मंजुरीचा अधिकार स्थानिक पातळीवर द्यावा, कारण तेथे माहिती स्थानिक असते. पण पैशाचा उगम तपासण्याचे काम करणारी यंत्रणा शाखेच्या व्यवसायवाढीची जबाबदारी असलेल्या माणसाच्या हाताखाली कधीही असता कामा नये. या दोन अधिकारांची गल्लत झाली की बँक स्थानिक झाली असे म्हणता येईल, पण चांगली बँक राहिली असे म्हणता येणार नाही. आणि दुर्दैवाने याची शिक्षा नंतर निरपराधांना भोगावी लागते. अशा दंडांनंतर मोठ्या बँकांनी अनेक छोट्या देशांतील बँकांशी असलेले आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचे संबंध तोडले आणि परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या श्रमिकांचे मार्ग अरुंद झाले.

पैलतीर

मुद्देसूद, पूर्ण सहमत. आमच्याकडेही तपासणी विभाग थेट मुख्यालयाला उत्तरदायी होता आणि तो तसाच राहावा असे स्थानिक सहकाऱ्यांनाही वाटत असे, कारण ओळखीच्या ग्राहकाला नाही म्हणण्याचे ओझे त्यामुळे त्यांच्या खांद्यावरून उतरत असे.

खतावणी

अजून एका दिशेकडे लक्ष वेधतो. आपण सगळे यजमान देशाबद्दल बोलत आहोत. पण परदेशी बँक बऱ्याचदा स्वतःच्या मायदेशातील नियमांमुळे परत जाते, आणि त्यात यजमान देशाचा काहीच दोष नसतो.

बार्कलेजने २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आब्सा बँकेचा बहुमताचा हिस्सा घेतला आणि पुढे आफ्रिका खंडातील बहुतेक व्यवसाय त्याच छत्राखाली आणले. व्यवसाय नफ्यात होता. मार्च २०१६ मध्ये बार्कलेजने आपला ६२ टक्क्यांचा हिस्सा कमी करण्याचा निर्णय जाहीर केला, कारण ब्रिटनमधील नियमांनुसार त्या संपूर्ण व्यवसायासाठी भांडवल बार्कलेजला राखावे लागे, ब्रिटनचा बँक कर जागतिक ताळेबंदावर द्यावा लागे, आणि नफा मात्र ६२ टक्केच मिळे. २०१७ मध्ये हिस्सा सुमारे १५ टक्क्यांवर आला आणि २०२२ मध्ये उरलेलाही विकला गेला. केनिया, घाना, झांबिया अशा देशांत लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने बँकेला ओळखत होते, ते नाव लंडनमधील हिशेबामुळे बदलले.

सिटीनेही एप्रिल २०२१ मध्ये आशिया, युरोप आणि मध्यपूर्वेतील १३ बाजारांतून किरकोळ ग्राहक व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यात मेक्सिकोची भर घातली. म्हणजे जमाखर्च यांच्या कसोटीवर उत्तम उतरलेली बानामेक्सही शेवटी सिटीला विकायला काढावीशी वाटली. कंपन्यांचे व्यवहार, परकीय चलन आणि रोखे सांभाळणारा व्यवसाय तेवढा ठेवला गेला. स्थानिक ठेवींवर उभी राहिलेली बँक संकटात टिकते हे मान्य, पण तिचा मालक टिकेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

जमाखर्च

खतावणी, हा फरक तुम्ही नेमका दाखवलात आणि तो मी स्वीकारतो. बँक टिकणे आणि मालक टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यजमान देशाच्या नागरिकाला मात्र पहिली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बानामेक्स हस्तांतराला काढली तेव्हा तिच्या ठेवीदारांना रांगा लावाव्या लागल्या नाहीत, कारण त्यांचे पैसे, भांडवल आणि माणसे मेक्सिकोतच होती.

भारतात याच प्रश्नावर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये चौकट आखली. परदेशी बँकेने पूर्ण मालकीची, भारतात नोंदलेली उपकंपनी स्थापन करावी, तिच्यात किमान ५०० कोटी रुपयांचे भांडवल आणावे, आणि त्या बदल्यात शाखा उघडण्यात तिला देशी बँकांच्या जवळपासची वागणूक मिळेल, असा त्यामागचा विचार होता. भारतात असलेल्या बहुतेक बँकांनी ही वाट न धरता शाखांच्याच रूपात राहणे पसंत केले. मॉरिशसच्या एसबीएमने २०१८ मध्ये आणि सिंगापूरच्या डीबीएसने २०१९ मध्ये ती धरली. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक कोलमडली तेव्हा तिचे विलीनीकरण डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत करता आले, त्यासाठी डीबीएसने २,५०० कोटी रुपये आणले आणि तिला एका झटक्यात साडेपाचशेहून अधिक शाखा मिळाल्या. मुख्यालयाची केवळ शाखा असलेल्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने अशी जबाबदारी सहजासहजी सोपवली नसती, असे मला वाटते. याच्या उलट सिटीने आपला भारतातील किरकोळ व्यवसाय मार्च २०२३ मध्ये ॲक्सिस बँकेला ११,६०३ कोटी रुपयांना देऊन टाकला.

शिलकी

मग इतर बँका उपकंपनी का करत नाहीत? शाखा उघडायला मोकळीक मिळत असेल, तर ते त्यांच्या फायद्याचेच आहे.

पैलतीर

शिलकी, मोठ्या कंपनीला एकगठ्ठा कर्ज देणाऱ्या बँकेला शाखांचे रूप सोयीचे पडते. उपकंपनीला भांडवल अडकवावे लागते, स्वतंत्र संचालक मंडळ नेमावे लागते आणि गरज पडल्यास ते भांडवल दुसऱ्या देशात हलवता येत नाही. शिवाय भारतात २० किंवा अधिक शाखा असलेल्या परदेशी बँकांना प्राधान्य क्षेत्राचे (शेती, लघुउद्योग अशांचे) कर्जवाटप, शेतीच्या हिश्शासह, देशी बँकांप्रमाणेच करावे लागते. त्याहून कमी शाखा असलेल्यांनाही एकूण ४० टक्क्यांचे लक्ष्य आहे, पण त्यातला मोठा भाग निर्यात कर्जांतून भरून काढता येतो. ज्या बँकेकडे ग्रामीण कर्जाची माणसे नाहीत, तिला शाखा वाढवणे म्हणजे न जमणारे काम अंगावर घेणे वाटते. तिथे मोकळीक हा फायदा ठरत नाही.

मुद्देसूद

भांडवल हलवता न येण्याचा मुद्दा यजमान देशाच्या बाजूने पाहिला तर नेमका तोच हवा असतो. २००८ च्या अखेरीस पूर्व युरोपमध्ये भीती अशी होती की प्रत्येक मातृबँक आपला निधी काढून घेईल, आणि एकीने काढला की दुसरी थांबणार नाही. जानेवारी २००९ मध्ये व्हिएन्ना येथे मातृबँका, दोन्हीकडचे नियामक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय पुनर्रचना व विकास बँक आणि इतर संस्था एकत्र बसल्या आणि रोमानिया, सर्बिया, हंगेरी, बोस्निया, लाटव्हिया या देशांतील गुंतवणूक टिकवण्याची हमी मोठ्या बँकांनी दिली. ती हमी मोठ्या प्रमाणात पाळली गेली हे समाधानाचे आहे, परंतु ती संकट दारात उभे असताना मागावी लागली, हे चिंतेचे होते. म्हणून नंतर बहुतेक नियामकांनी उपकंपन्यांकडे स्वतःचे पुरेसे भांडवल आणि रोखता (गरजेला हाताशी येणारा पैसा) असावी, असा आग्रह धरला.

खतावणी

आणि त्याच आग्रहाची दुसरी बाजू २०२२ नंतर रशियात दिसली. सोसिएते जेनेरालने रोसबँक विकून ३ अब्ज युरोंहून अधिक तोटा सोसला आणि ती बाहेर पडली. ऑस्ट्रियाची रायफाइसेन राहिली; तिची रशियन उपकंपनी भरपूर नफा मिळवत राहिली, पण तो नफा लाभांशाच्या रूपाने व्हिएन्नाला नेता आला नाही. मुद्देसूद म्हणतात ती संरक्षक भिंत यजमान देशाने उभारली की ती दोन्ही बाजूंनी बंद असते. उपकंपनीत किती भांडवल ठेवायचे हे नियामक ठरवतो. त्याहून जास्त नफा दरवर्षी मायदेशी न्यायचा की तेथेच साठू द्यायचा, एवढाच निर्णय बँकेच्या हातात उरतो. माझ्या माहितीतील सावध बँका तो नफा साठू देत नाहीत, जोवर नेता येतो तोवर दरवर्षी नेतात. यजमान देशांतील लोकांना हे खटकते, पण अर्जेंटिना आणि रशिया पाहिल्यावर त्या बँकांना दोष देणे मला जमत नाही.